बोअरचा पीएच 7.4, तळ्याचा 8.4, आणि तरीही घड आखूड

निफाड तालुक्यात माझ्या मामांची अडीच एकर थॉमसन द्राक्षबाग आहे. गेल्या हंगामात गोडी छाटणीनंतर (फळांसाठीच्या छाटणीनंतर) जीएची, म्हणजे घड लांबवणाऱ्या संजीवकाची, पहिली फवारणी झाली आणि दहा-बारा दिवसांनी मामांचा फोन आला. ते मला नावाने हाक मारत नाहीत, मी नाशिकला रसायनशास्त्र शिकवतो म्हणून "मास्तर" म्हणतात. "मास्तर, पूर्वेकडचे घड लांबले, पश्चिमेकडचे आखडून बसले. औषध एकच, माणूस एकच, दिवसही एकच. दुकानदारानं डुप्लिकेट माल गळ्यात मारला म्हणू, तर पूर्वेला कसा चालला?"

फोनवरच्या त्या शेवटच्या वाक्यात अर्धा तपास झाला होता. तो पुढे कसा गेला ते सविस्तर लिहितो, कारण वर्गात आम्ल-आम्लारी शिकवताना आम्ही ज्या गोष्टीवरून भरभर पुढे जातो, नेमकी तीच इथे आडवी आली.

ज्यांच्या घरी द्राक्षबाग नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. छाटणीनंतर साधारण तीन आठवड्यांनी घड पोपटी रंगाचा दिसतो. तेव्हा 10 पीपीएम जीए देतात, म्हणजे 100 लिटर पाण्याला 1 ग्रॅम. त्याने घडाचा दांडा लांबतो, पाकळ्या (घडाच्या बाजूच्या फांद्या) मोकळ्या होतात आणि पुढे मणी एकमेकांना दाबत नाहीत. जीएची पूड पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आधी ॲसिटोनमध्ये विरघळवून घेतात. आणि टाकीत थोडं सायट्रिक ॲसिड टाकून पाण्याचा पीएच सहाच्या आसपास आणतात. ही शेवटची गोष्ट आता नाशिक भागातला जवळपास प्रत्येक बागायतदार करतो. का करतो, याचं उत्तर मात्र बहुतेक जण "खाऱ्या पाण्यात जीए मरतं" एवढ्यावर सोडून देतात.

मी रविवारी गेलो. बाग पाहिली. फरक खरंच होता. पश्चिमेचे घड सरसकट दोन-तीन बोटं आखूड.

संशय कोणाकोणावर होता ते मामांच्या क्रमाने सांगतो. पहिला दुकानदारावर. पण दोन्ही बाजूंना एकाच पुडीतलं जीए गेलं होतं, त्यामुळे तो सुटला. दुसरा ब्लोअरच्या (ट्रॅक्टरवरच्या फवारणी यंत्राच्या) टाकीवर. त्याआधी त्याच टाकीतून बोर्डो मारलं होतं आणि बोर्डो हे बुरशीनाशक म्हणजे मोरचूद आणि चुना. मामांना वाटलं, टाकी नीट धुतली गेली नाही, चुना राहिला. संशय रास्त होता, पण मग पहिली टाकी बिघडायला हवी होती आणि पहिली टाकी तर पूर्वेला गेली होती. तिसरा हवेवर. हवा मात्र एकाच बागेत अर्धी ढगाळ, अर्धी कोरडी नसते.

चौथी गोष्ट मामांनी संशय म्हणून सांगितलीच नाही, बोलण्याच्या ओघात आली. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद उंदरांनी कुरतडला होता. तळं झिरपून तळाला गेलं, दोन टाक्यांपुरतं पाणी निघालं. उरलेल्या, म्हणजे पश्चिमेच्या, टाक्या बोअरवर भरल्या.

"मग बोअरच्या पाण्याचा पीएच मोजला होता का?"

"म्हणजे काय! मोजल्याशिवाय टाकीत काही जात नाही आपल्याकडं." आणि त्यांनी खिशातून पेनाएवढा पीएच मीटर काढला. "तळ्याचं 8.4 होतं. बोअरचं 7.4. म्हणलं बोअरचं पाणी आधीच गोडाकडं आहे, त्याला ॲसिड कमी लागंल. तळ्याच्या टाकीला 100 ग्रॅम टाकत होतो, बोअरच्या टाकीला 60 टाकलं. मोजलं, 6.8 आलं. सातच्या आत आलं म्हणून मारलं."

टाकी 500 लिटरची. मीटर आधी तपासून घेतला. ठरावीक पीएच देणाऱ्या बफरच्या गोळ्या सोबत नेल्या होत्या, 4, 7 आणि 9.2 च्या. मीटर फक्त 0.1 ने चुकत होता. म्हणजे मामांनी मोजलेला आकडा बरोबर होता, वजन बरोबर होतं, काळजीही घेतली होती. चुकला होता तो आकड्यावरून काढलेला निष्कर्ष. आणि खरं सांगतो, माझ्या बारावीच्या वर्गात हाच प्रश्न घातला असता तर निम्म्याहून अधिक पोरांनी मामांचंच उत्तर दिलं असतं.

स्वयंपाकघरात चहा पिताना मामी म्हणाल्या, "त्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून सांगते. तुमच्या मामांना ते आता मीटरवर पाहायचंय." मामींच्या किटलीच्या तळाला पांढरा थर होता, नखाने न निघणारा. तपासाची दिशा मला त्या किटलीने दिली.

दोन्ही पाण्यांच्या बाटल्या काठोकाठ भरून, हवा न ठेवता बूच लावून नाशिकला आणल्या. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत प्रत्येकी 100 मिली घेतलं, मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाकले आणि ब्युरेटमधून 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं. तळ्याचं पाणी 2.4 मिलीला पिवळ्याचं केशरी झालं. बोअरचं पाणी 2.4 ला हललं नाही, 5 ला हललं नाही, आठ मिली प्यायल्यावर मग रंग फिरला. पीएच ज्याचा कमी, त्याने आम्ल सव्वातीन पट खाल्लं.

पाणीपरीक्षणाच्या अहवालात हा आकडा कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत लिहितात. तसा लिहिला तर बोअरची एकूण अल्कता (आम्ल खाण्याची ताकद) लिटरला 400 मिलिग्रॅम आणि तळ्याची 120. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 ही स्वीकार्य आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 ही चालवून घेण्याची मर्यादा आहे. म्हणजे मामांचं बोअर काही भयंकर नाही. नाशिकच्या पूर्वपट्ट्यातलं साधंच बोअर.

आता हे असं का, ते सांगायला थोडं जमिनीखाली जावं लागतं. आपल्याखाली काळा बेसाल्ट आहे आणि त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड उचलतं. मातीतल्या हवेत तो बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्याचं कार्बॉनिक आम्ल होतं. हे दुबळं आम्ल वर्षानुवर्षं खडक आणि चुनखडी विरघळवत राहतं आणि पाण्यात बायकार्बोनेट साठत जातं. म्हणजे बोअरच्या पाण्यात दोन गोष्टी एकत्र असतात: बायकार्बोनेटचा मोठा साठा, आणि वर न उडालेला कार्बन डायऑक्साइड. पहिली पाण्याला आम्लारीकडे ओढते, दुसरी आम्लाकडे. दोघांच्या ओढाताणीत मीटर 7.4 दाखवतो.

तळ्यात नेमकं उलटं. पाणी पाटाचं आणि पावसाचं, त्यात बायकार्बोनेट थोडकंच. पण तळ्यात शेवाळ असतं. दुपारच्या उन्हात ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतं. आम्लाकडे ओढणारा गडीच नाहीसा झाला, म्हणून पीएच 8.4 वर चढतो. तेच तळं पहाटे मोजलं असतं तर आकडा खाली आला असता.

बोअरचं बाटलीतलं पाणी मी अर्धी बाटली रिकामी करून, बूच लावून, मधेमधे बूच उघडत खूप वेळ हलवलं. सोड्याची बाटली हलवल्यासारखं. पीएच 8 च्या वर गेला. पाण्यात काही घातलं नाही, काही काढलं नाही, फक्त वायू उडाला. अल्कता पुन्हा मोजली, तीच: आठ मिली. डोळ्यांदेखत पीएच बदलला आणि आम्ल खाण्याची ताकद जागची हलली नाही. दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे याहून स्वच्छ दाखवता येणार नाही. आता मी वर्गातही हेच करून दाखवतो.

पीएचचं हे मोजमाप 1909 मध्ये सोरेनसेन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने आणलं, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत. ते फक्त एवढंच सांगतं की या क्षणी पाण्यात मोकळे हायड्रोजन आयन किती आहेत. पाठीमागे साठा किती, याबद्दल पीएच मुका आहे. लिटमस तर त्याहून बिचारा; मामांच्या दहावीतल्या नातीने शाळेतून आणलेली लाल पट्टी दोन्ही पाण्यांत सारखीच निळी झाली होती.

पुढच्या रविवारी हे मामांना सांगायला गेलो आणि माझी "बफर", "क्षमता" अशी गाडी सुरू झाली. मामांनी हात वर केला. "थांब. म्हणजे दोन विहिरी आहेत. पाण्याची पातळी दोन्हींत जवळपास सारखीच. एकीला झरे नाहीत, दुसरीला जिवंत झरे. मोटर लावली की पहिली तासात कोरडी, दुसरीची पातळी हलत नाही. पीएच म्हणजे पातळी. बरोबर?"

बरोबर. बायकार्बोनेट म्हणजे झरे. आम्ल टाकत जा, प्रत्येक हायड्रोजन आयन बायकार्बोनेट उचलतं, त्याचं कार्बॉनिक आम्ल होतं, आणि पातळी जेमतेम बोटभर उतरते.

मग मोटर लावून पाहिली. घरात 10 लिटरची बादली, 10 टक्क्यांचं सायट्रिकचं द्रावण आणि गुरांच्या इंजेक्शनची रिकामी सिरिंज. 10 मिली द्रावण म्हणजे 1 ग्रॅम. बोअरच्या बादलीत पहिल्या ग्रॅमला पीएच 7.4 वरून 6.9 वर आला. मामा फसले ते इथेच, पहिली उडी मोठी असते. दुसऱ्या ग्रॅमला 6.6. तिसऱ्याला 6.4. मग प्रत्येक ग्रॅमला फक्त 0.2: चौथ्याला 6.2, पाचव्याला 6.0, सहाव्याला 5.8, सातव्याला 5.6. मामांची 60 ग्रॅमची टाकी म्हणजे या बादलीत 1.2 ग्रॅम. तळ्याच्या पाण्याला 2 ग्रॅममध्येच 5.7 येत होता.

इथे मी थांबणार होतो. 5 ग्रॅमला 6.0, म्हणजे 500 लिटरला 250 ग्रॅम, उत्तर मिळालं. पण मामींनी विचारलं, "फेस कशाचा येतोय?" फेस नव्हता, बारीक बुडबुडे होते, बादलीच्या कडेला चिकटलेले. बायकार्बोनेटचं जे कार्बॉनिक आम्ल झालं होतं ते कार्बन डायऑक्साइड होऊन निघून चाललं होतं. 6.0 वाली बादली आम्ही दुसऱ्या बादलीत उंचावरून ओतली, परत पहिलीत ओतली, दहा-पंधरा वेळा. पीएच 6.6. मामांच्या मिश्रणाला तीच वागणूक दिली तर ते 7.5 च्या पुढे गेलं.

ब्लोअर तरी वेगळं काय करतो? पाण्याचे बारीक थेंब करून जोरात हवेत फेकतो. टाकीत मोजलेला पीएच आणि पानावर पडलेल्या थेंबाचा पीएच एक नसतो. वाटेत वायू उडून जातो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वात उपयोगी गोष्ट हीच आहे, आणि ती मला माहीत असायला हवी होती, पण सुचली मामींना.

7 ग्रॅमची बादली ओताओत करून 6.1 वर स्थिरावली. तोवर बायकार्बोनेट बरंचसं संपलं होतं आणि उरलेली राखण सायट्रिक स्वतःच करत होतं, कारण तेही दुबळं आम्ल आहे आणि या पट्ट्यात चांगला बफर आहे. सायट्रिकच्या रेणूत देण्यासारखे तीन हायड्रोजन असतात. पीएच 6 ला दोन सहज सुटतात, तिसरा थोडाफार. शेजारचे एक जण फॉस्फोरिक वापरतात. त्यातही तीन असतात, पण या पीएचला जेमतेम एकच कामाला येतो, म्हणून "तीन हायड्रोजनचं आहे, जोरदार असणार" हा हिशोब इथे लागू पडत नाही.

तर बोअरच्या टाकीला 350 ग्रॅम. टाकलं होतं 60.

टाकीत राहिलेल्या चुन्याच्या संशयाचाही निकाल याच हिशोबात लागला. बोअरच्या 500 लिटर पाण्यातली अल्कता म्हणजे जवळपास 150 ग्रॅम विरवलेला चुना. टाकी कितीही हलगर्जीपणे धुतली तरी एवढा चुना कोपऱ्यात राहत नाही. बोर्डो नीट झालं की नाही हे मामा विळा बुडवून पाहतात. विळ्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, चुना वाढवायचा. ही कसोटी उत्तम आहे, पण लोखंड तांब्याला द्रावणातून बाहेर ढकलतं त्यावर चालते. पाण्याच्या अल्कतेबद्दल विळा काही सांगू शकत नाही.

राहता राहिला मूळ प्रश्न, अल्कधर्मी पाण्यात जीएचं होतं काय. "मरतं" हे पूर्ण खरं नाही. अल्कधर्मी द्रावणात जीएचा रेणू मोडतो हे खरं, म्हणून विरघळवलेलं जीए दिवसेंदिवस ठेवू नये. पण मामांची टाकी तासाभरात रिकामी झाली होती; पीएच साडेसातला तासाभरात फारसं काही मोडत नाही. मला जास्त पटणारं कारण जीएच्या नावातच आहे. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड. दिवसभर "जीए, जीए" म्हणताना त्यातला ए कशाचा हे सगळे विसरतात. तेही एक दुबळं आम्लच आहे, आणि पीएच 4 ला त्याचे निम्मे रेणू हायड्रोजन धरून अखंड असतात, निम्मे तो सोडून भारित झालेले. पीएच एकने वाढला की अखंड रेणूंचं प्रमाण साधारण दहापट घटतं: 6 ला शंभरात एक, 8 ला दहा हजारांत एक. पानावर आणि घडावर मेणाचा थर असतो. भारित रेणू त्यातून कष्टाने जातो, अखंड रेणू त्यामानाने सहज. थेंब वाळेपर्यंत जेवढं आत गेलं तेवढंच घडाला मिळालं. जीए जिवंत होतं, दाराबाहेर राहिलं.

पश्चिमेच्या आखूडपणाचं सगळं खापर मी पाण्यावर फोडत नाही. तिकडची जमीन चुनखडीची आहे, वेली एरवीही अर्ध्या पावलाने मागे असतात, आणि पूर्व-पश्चिम मुद्दाम आखून केलेला प्रयोग नव्हता. म्हणून पुढे मणी फुगवणीचं डिपिंग आलं तेव्हा पश्चिमेच्याच चार ओळी निवडल्या. दोन ओळींचे घड 60 ग्रॅमच्या हिशोबाच्या पाण्यात बुडवले, दोन ओळींचे 350 च्या. मामा प्रयोगाला तयार नव्हते, "बाग आहे, तुझं कॉलेज नाही" म्हणाले. दोन ओळींवर सौदा पटला. दोन आठवड्यांनी 350 वाल्या ओळींचे मणी हाताला थोडे मोठे लागले. थोडेच. पोपटी अवस्थेत हुकलेली दांड्याची लांबी मात्र परत येत नाही, पश्चिमेला विरळणीला मजूर जास्त लागले.

350 ग्रॅम सायट्रिक दर टाकीला टाकणं मामांच्या जिवावर आलं. त्याहून सोपा मार्ग होता तो म्हणजे जीएच्या फवारण्यांपुरतं तळ्याचं पाणी आणणं, आणि भरलेलं तळं होतं चुलतभावाकडे, ज्यांच्याशी बांधावरून नऊ वर्षं बोलणं नव्हतं. निरोप मामींनी नेला. टँकर आला. पैसे घेतले नाहीत, पण बदल्यात चुलतमामा, म्हणजे आबा, स्वतः येऊन बसले आणि म्हणाले, "मलाही सांगा, माझ्या बोअरला किती टाकू? तुमचं 350 तेच ना?"

"तुमचं पाणी कुठं पाहिलंय अजून," मामा म्हणाले, आणि कोनाड्यातली सिरिंज काढून पोराला म्हणाले, "जा रे, आबांच्या बोअरची बादली भरून आण. नळी तळाला धरून भर, वरून धबधबा सोडू नको."

डाळीचं मामींनी नंतर एकट्याने विचारलं. दोष अल्कतेचा नाही, कॅल्शियमचा आहे. ते डाळीच्या पेशीभिंतींमधलं पेक्टिन घट्ट करतं. पाणी आधी उकळून, थंड करून, वरचं निवळ घेतलं तर बरंचसं कॅल्शियम किटलीच्या तळाला चुन्यासारखं बसतं. "म्हणजे खायचा सोडा टाकते ते चुकीचं?" नाही, सोड्याने डाळ मऊ होते. फक्त पीएच वाढतो. "वाढू दे," मामी म्हणाल्या, "मला कुठं डाळ फवारायचीय."